वाकडा पाट आणि घोटीचं तूस

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. आमच्या राजाभाऊची घोटीला भाताची गिरणी आहे. तांदूळ पोत्यात जातो, कोंडा वेगळा निघतो आणि तूस मागच्या बाजूला उडून पडतं. त्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. मग एक दिवस मागच्या दाराने बाहेर यावं, तर समोर डोंगर उभा! आमच्या रविवारच्या ग्रुपचे किस्से असेच साठले. खरं तर सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढायच्या, उतरून मिसळ खायची, एवढंच या ग्रुपचं काम. त्यात स्नोबोर्ड कुठून शिरला हे नाशिकच्या माणसाला सांगायला बसलं, की मिसळ गार होते.

* * *

स्नोबोर्ड आला तो नंदू गुरुजींमुळे. नंदू आमच्यातला सगळ्यात तरुण. रामकुंडावर यजमानांची कार्यं करतो. परदेशात राहणारा एक यजमान वडिलांच्या वर्षश्राद्धाला येणार होता. नंदूने फोनवर नेहमीप्रमाणे सांगून ठेवलं, "दानाला वडिलांच्या आवडीची एखादी वस्तू आणा." लोक छत्री आणतात, चपला आणतात, फार तर रेडिओ. या गृहस्थांनी विमानातून छातीएवढी उंच फळी आणली!

"हे काय?" नंदूने विचारलं.

"स्नोबोर्ड. यावर उभं राहून बर्फावरून घसरत खाली यायचं. आप्पा रिटायर झाल्यावर शिकले. त्यांना यापेक्षा जास्त काहीच आवडायचं नाही."

नंदूने ती फळी जमिनीवर ठेवली. त्याच्या ओळखीची फळी म्हणजे पूजेचा पाट. ही मधे टेकलेली आणि दोन्ही टोकांना वर उचललेली. हात लावला की डुलायची.

"पण हा पाट वाकडा आहे हो!"

"वाकडा आहे म्हणूनच आप्पांना जमला. याला रॉकर म्हणतात. एरवीच्या बोर्डाची कड नको तेव्हा बर्फात रुतते आणि नवशिका तोंडावर आपटतो. याची टोकं वर असतात, त्यामुळे ती सहसा रुतत नाहीत. आप्पा म्हणायचे, हा आपल्या चुका पोटात घालतो."

नंदूने रीतसर मंत्र म्हणून दान स्वीकारलं. कोणता मंत्र म्हटला, ते त्याने आजवर सांगितलेलं नाही. त्या दिवसापासून आम्ही त्या वस्तूला पाटच म्हणतो.

* * *

पाट आला, पण नाशिकमध्ये बर्फ कुठला? उसाच्या रसात असतो तेवढाच! एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या राखेच्या ढिगावर जाऊ, असं विलास म्हणाला. विलास ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये सेल्सला आहे आणि त्याला सुचतं ते सगळं साधारण असंच असतं. तेव्हा राजाभाऊ हळूच म्हणाला, "आमच्या मागं तुसाचा डोंगर पडलेला हाय की. लय घसरतंय त्याच्यावर. बारकं असताना आम्ही पोत्यावर बसून यायचो."

तर आम्ही स्नोबोर्डिंग शिकलो ते घोटीत, भाताच्या तुसावर, पाटाच्या पट्ट्यांत शेतातले गमबूट अडकवून! आणि पाट त्यावर सुरेख चालायचा. त्याचं वर आलेलं नाक तुसात घुसायचं नाही. फक्त वजन मागच्या पायावर टाकून बसकण मारल्यासारखं यायचं.

अडचण एकच. पायथ्याशी पोहोचताना तुसाचा असा लोट उठायचा की बघणाऱ्यांच्या डोळ्यांत कुसळं जायची. पहिल्याच दिवशी आम्ही सगळे डोळे चोळत परतलो. मग राजाभाऊने नियम केला. येणाऱ्याने शेवटच्या टप्प्यावर "डोळे!" असं ओरडायचं आणि खालच्यांनी तोंड फिरवून डोळे घट्ट मिटायचे. नियम इतका अंगात मुरला की एकदा मिसळीच्या हॉटेलात राजाभाऊ "डोळे!" म्हणाला, तर आम्ही सगळ्यांनी माना फिरवल्या. वेटर बिचारा ताटं घेऊन तसाच उभा.

"डोळे!" कधीच ओरडली नाही ती अनघा. अनघा विलासची बायको, बँकेत ऑफिसर. चढायला आमच्यात तिच्यासारखं कोणी नाही. पण तिची आई कळवणला असते. तिच्याकडे जाताना घाटाच्या उतारावर, खडीवरून, अनघाची स्कूटर घसरली होती. पाय बरा झाला, भीती राहिली. चढण कुठलीही चालते, पण उतार दिसला की ती डोळे मिटते आणि खाली बसते. पांडवलेणीच्या पायऱ्यासुद्धा ती बसून उतरते. कळवणला जायचं तर एसटीत, घाट संपेपर्यंत डोळे मिटून. तुसावरही ती पाटावर उभी राहायची, जरा सरकायची, मग डोळे मिटून खाली बसायची आणि तशीच खाली यायची. बसून येणाऱ्याला ओरडायची गरज पडत नाही, तूस उडतच नाही.

"मला एकदा उभ्याने खाली यायचंय," ती म्हणायची, "बाकी मला काही नको." आम्हाला सगळ्यांना ते मनापासून हवं होतं. आणि कसं होईल ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

* * *

हिवाळ्यात आम्ही मनालीच्या वर एका बर्फाच्या उतारावर पोहोचलो. शिकवायला टेकराम नावाचे एक शांत गृहस्थ होते. बूट आणि बाकीच्यांसाठी बोर्ड तिथे भाड्याने मिळाले. पाट आम्ही आळीपाळीने वापरायचो.

"आपने पहले किया है?" टेकरामजींनी विचारलं.

"हो! दोन सीझन!" विलास म्हणाला. कुठे केलं, ते सांगितलं नाही.

तो उतार मशीन फिरवून दाबलेला होता, म्हणजे सारवलेल्या अंगणासारखा टणक. आम्ही घोटीच्या सवयीने वजन मागे टाकलं. अशा बर्फावर वजन पुढे ठेवावं लागतं, नाहीतर बोर्ड वळत नाही. एकामागून एक सगळे मागे रेलून सरळ खाली गेलो आणि कुंपणाच्या जाळीत जाऊन बसलो. त्यातही प्रत्येकाने शेवटी "डोळे!" म्हणून ओरडून घेतलं. टेकरामजी बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "नासिकवालो, आगे आओ. पीछे कौन छूट गया है?"

माझी पाळी आली तेव्हा मला पाटाचं खरं मोल कळलं. मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे, वस्तू तपासायची माझी सवय सुटत नाही. भाड्याच्या बोर्डवर वळताना जरा चुकलो की कड अडायची आणि मी थेट आडवा. पाटावर तीच चूक करायचो आणि पाट नुसता जरा सरकायचा, पुन्हा डुलत उभा करायचा. संध्याकाळपर्यंत मी डावीउजवीकडे वळत खाली यायला लागलो. माझ्या वयाला कोणी इतकं सांभाळून घेईल, असं मला वाटलं नव्हतं. त्या अनोळखी आप्पांची मला फार आठवण आली, म्हणजे न पाहिलेल्या माणसाची येते तेवढी.

* * *

विलासला मात्र पाट पटला नाही. त्याला सगळं जोरात लागतं, मोटरसायकल असो की जेवण. सकाळी ऊन यायच्या आत बर्फ काचेसारखा असतो, तेव्हा तो पाट घेऊन वरून सुटला. थोड्या वेळाने पाट थरथरायला लागला. टेकलेला भाग थोडा, त्यामुळे वेगात त्याला पकड मिळत नाही. विलासने वळायचा प्रयत्न केला, पाट आडवा झाला आणि तसाच आडवा, भिंतीवरून पाल सरकावी तसा विलास थेट चहाच्या टपरीपाशी येऊन थांबला.

"चीनी कम या ज्यादा?" टपरीवाल्याने विचारलं.

विलास तणतणत होता. "यात काही दम नाही! स्पीडला हलतो!"

टेकरामजी म्हणाले, "भाईसाब, ये बोर्ड बारात में नाचनेवाला है. घोड़े के आगे मत दौड़ाओ."

"याला स्पीड सोसत नाही, एवढंच," अनघा म्हणाली. "मलाही नाही सोसत. माझ्यात दम नाही का?" विलासने टपरीवाल्याकडे वळून सांगितलं, "चीनी ज्यादा."

* * *

नंदूचं उलट. त्याला पाट म्हणजे खेळणं वाटायचं. दोन्ही टोकं सारखीच, त्यामुळे उलटं जा, सुलटं जा, पाटाची तक्रार नाही. जरा खांदा फिरवला की गर्रकन फिरायचा. नंदू शेंडी हेल्मेटच्या पट्ट्यात अडकवून जागच्या जागी गिरक्या घ्यायला लागला. एक झाली, दुसरी झाली, मग थांबेचना! फिरत फिरतच तो लहान मुलांच्या क्लासमधून पार झाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"अरे, थांबायचंस ना!" मी म्हणालो.

"प्रदक्षिणा अर्धवट सोडत नाहीत!" नंदू म्हणाला.

मग त्याने एका उंचवट्यावरून उडी मारली. उडी पाटाने झकास मारू दिली. उतरताना नंदूचं वजन शेपटाकडे गेलं आणि शेपूट तर आधीच वर उचललेलं, मागे आधार कशाचाच नाही. पाट पायांसकट पुढे सरकला आणि नंदू बर्फावर बसला. अगदी पूजेला बसतो तसा, ताठ. आम्ही हात जोडले.

* * *

राजाभाऊचे पहिले तीन दिवस वाया गेले. दाबलेल्या बर्फावर त्याला काही जमेना. "हितं नाय आपलं काय चालत," म्हणून तो सगळ्यांची जॅकेटं सांभाळत बसायचा. मग रात्रभर बर्फ पडला आणि टेकरामजी आम्हाला झाडांजवळच्या न दाबलेल्या उतारावर घेऊन गेले. मऊ, गुडघाभर. आम्ही चांगले शिकलेले सगळे वजन पुढे टाकून निघालो आणि नाक खुपसून पडलो.

राजाभाऊ पाटावर उभा राहिला, घोटीसारखं वजन मागे टाकलं आणि सुर्रकन निघाला. पाटाचं नाक बर्फाच्या वर, मागे बर्फाचा लोट, हात दोन्ही बाजूला पसरलेले. खाली जाऊन त्याने मूठभर बर्फ उचलला, बोटांत चुरला आणि तिथूनच ओरडला, "आरं, हे तं थंड तूस हाय!"

टेकरामजींनी मला विचारलं, "क्या बोले?" मी त्यांना घोटीची सगळी हकीकत सांगितली. ते इतके हसले की त्यांना बर्फात बसावं लागलं.

* * *

त्या दिवशी जेवताना पाटावर वाद झाला. विलास म्हणाला, फालतू. नंदू म्हणाला, अप्रतिम. राजाभाऊ म्हणाला, तुसाला चांगला. माझ्या कारखान्यात अशा वस्तूला मी काय शेरा दिला असता, याचा मी विचार करत राहिलो. एकच पाट, आणि आमच्यातल्या प्रत्येकाने त्याच्यात आपलाच स्वभाव तपासला होता. मला त्याचं हसू आलं आणि जरा वाईटही वाटलं, कारण अनघा नुसती भाजी चिवडत बसली होती.

"तुझं काय म्हणणं?" मी विचारलं.

"काय सांगू? मी अजून त्याच्यावरून खाली आलेच कुठे?" ती म्हणाली. रोज ती उतारावर उभी राहून निघायची. अर्ध्या वाटेत एक उंचवटा होता. त्याच्या पलीकडचा शेवटचा टप्पा दिसला की डोळे मिटायची आणि खाली बसायची. "पाट चूक करू देतो, तोंडावर पाडत नाही, सगळं कळतं मला. पण खालचं दिसलं की तो घाट दिसतो. उद्या शेवटचा दिवस. उद्या नाही तर मग नाहीच."

विलासने तिच्या ताटात न विचारता पोळी वाढली. एवढं हळुवार त्याला मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे खाली रांगेत उभे राहिलो. विलासने मोबाईल व्हिडिओवर धरला. टेकरामजी वर तिच्याजवळ थांबले, पण उंचवट्याच्या खालचा, आमच्या बाजूचा भाग वरून दिसत नाही.

अनघा निघाली. पहिल्यांदा आम्हाला नुसतं हेल्मेट दिसलं, मग खांदे. उंचवट्यावर ती आली, जिथे रोज बसायची तिथे. ती डुलली. हात पसरले. आणि बसली नाही! पाट अलीकडे वळला आणि ती उभ्याने, शेवटच्या टप्प्यावर, थेट आमच्या दिशेने यायला लागली. तिचं तोंड उघडलं आणि सगळा उतार दणाणेल अशी ती ओरडली,

"डोळे!"

आणि आम्ही चौघांनी तोंड फिरवून डोळे घट्ट मिटले.

बर्फाचा बारीक शिडकावा गालावर आला. डोळे उघडले तेव्हा अनघा आमच्यासमोर हातभर अंतरावर उभी होती. पँटच्या मागे बर्फाचा कण नव्हता. राजाभाऊ सवयीने बाहीवरचं नसलेलं तूस झटकत होता. विलासने मोबाईल पाहिला. त्यात त्याचेच बूट आले होते.

"अगं, थांब, परत ये ना एकदा!" विलासला रडू फुटायचंच बाकी होतं. "बघितलंच नाही गं कोणी! इतके दिवस वाट बघितली आणि नेमके डोळे मिटले आम्ही!"

अनघाने वाकून पाटाचे पट्टे सोडले. पाट काखेत मारला.

"असू दे," ती म्हणाली. "माझे उघडे होते."