दह्याच्या डब्यातलं रोपटं

सासूबाई तीन महिन्यांसाठी परदेशात आमच्याकडे, स्कोफिल्ड्सला आल्या आणि साथीमुळे विमानं बंद झाली. दीड वर्ष होत आलं तरी त्या आमच्या घरात पाहुण्यासारख्याच वावरत होत्या. "हा कप घेऊ का गं?" "पंखा लावू का?" स्वतःच्या मुलाच्या घरात एवढं काय विचारायचं! मला राग यायचा, मग राग आल्याचाही राग यायचा.

लॉकडाऊन पुन्हा लागण्याआधी हॅरिस पार्कच्या देशी दुकानातून कढीपत्त्याची कुंडी आणली होती. तिच्यात बारीक पानांचं काहीतरी उगवलं. मला बघताक्षणी ती चिवळच वाटली. माहेरी उन्हाळ्यात बेसन पेरून चिवळीची भाजी व्हायची. तोंडाला पाणी सुटलं. निम्मं रोप कात्रीने कापलं, धुतलं आणि कढई गॅसवर ठेवली.

सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्या उठून आल्या आणि चाळणीतली एक काडी डोळ्यांजवळ धरली.

"चिवळ नाही ही. चिवळीच्या पेरांवर केस असतात. आणि हे बघ, समोरासमोरची दोन पानं, एक मोठं, एक लहान. अंगाला लागली की आग होते ना, त्या झाडांच्या कुळातलं असणार."

मी ती काडी मनगटावर घासली. "आई, कुठे आग होतेय?" म्हणत चक्क हसले. फोनमधल्या ॲपला विचारलं, तर त्याने तीन फोटोंना तीन नावं सांगितली.

"असेल बाई. मला कुठे आता आठवतंय," म्हणत त्या घड्या घालायला परत गेल्या.

तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेली बाई. तिचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं होतं. फार लाज वाटली. मी गॅस बंद केला.

दोन किलो दह्याचे रिकामे डबे आमच्याकडे कोणी टाकून देत नाही. त्यातल्या एकाला भोकं पाडली, माती भरली, कापलेल्या काड्या खोचल्या आणि डबा त्यांच्यापुढे ठेवला. "आता तुम्हीच सांभाळा."

"डबा लागणार नाही ना तुला?" त्यांनी विचारलं. मी कपाळावर हात मारून घेतला.

काड्या जगल्या. थंडीभर डबा किचनच्या खिडकीत होता. माती ओली हवी पण चिखल नको, उजेड हवा पण कडक ऊन नको, असं सगळं त्या मला ऐकवायच्या. मी मीटिंगमध्ये असले की मागून त्यांचं डब्याशी पुटपुटणं ऐकू यायचं.

थंडी सरली आणि पानांच्या बेचक्यांत टाचणीच्या डोक्याएवढ्या गुलाबी कळ्या आल्या. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली, "ती मीटिंग राहू दे, आधी इकडे ये!" डबा उन्हात ठेवला होता. त्यांनी बोटांनी पाणी शिंपडलं. क्षणभर काहीच नाही. मग एका कळीतून चिमूटभर धूर उडाला. मग दुसरीतून, मग तिसरीतून.

"पराग आहेत. पुंकेसर आत वाकून बसलेले असतात, स्प्रिंगसारखे. कळी उघडली की झटक्यात सुटतात. त्या कुळाची खूण आहे ही. फक्त याला आग करणारे केस नसतात."

"डू इट अगेन, आजी!" माझा मुलगा नाचायला लागला. त्यांनी पुन्हा पाणी शिंपडलं.

"चुकलं माझं, आई," मी म्हणाले.

"मग! माझ्या वर्गात असतीस तर शून्य दिलं असतं." आणि त्या इतक्या मोकळ्या हसल्या की मलाही हसू आवरेना.

पुढच्या शनिवारी सकाळी मागच्या अंगणात गेले. माझ्या महागाच्या निळ्या कुंडीत त्यांचं रोपटं ऐसपैस बसलं होतं. तिथली माझी कोथिंबीर उपटून दह्याच्या डब्यात कोंबलेली होती, तिचं काही खरं दिसत नव्हतं. सासूबाईंनी मला विचारलंसुद्धा नव्हतं. कित्येक महिन्यांत मला इतका आनंद झाला नव्हता.