एक्केचाळीस ते पन्नास

रंगनाथ गेल्याचं मला मोबाइलवर कळलं, आणि तेही फोन दोन-तीनदा वाजून गेल्यावर. मी देवळाली प्रवऱ्याला घरामागच्या परसात दोडक्याच्या वेलाला दोरी बांधत होतो आणि फोन आत चार्जिंगला होता. सुनेनं आणून दिला तेव्हा पलीकडून रंगनाथचा थोरला, सुनील, बोलत होता. "काका, नाना गेले सकाळी. झोपेतच गेले." मी "बरं" म्हणालो... त्यात बरं काय होतं ते मला अजून सांगता येणार नाही. निम्मं आयुष्य लोकांना फोन जोडून देण्यात घालवलेल्या माणसाच्या मरणाची बातमी घरात वाजत राहिली आणि कुणी उचलली नाही, हे त्याला समजलं असतं तर माझी चांगली खरडपट्टी निघाली असती. आता महिना होऊन गेलाय.

आम्ही दोघे शेवगावचे, शाळेत एका बाकावरचे. तो मॅट्रिक होऊन टेलिफोन खात्यात चिकटला आणि मी नगरला एका गॅरेजात इंजिनं उघडायला शिकलो. सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला शेवगावात पन्नास जोडण्यांचं नवं बोर्ड आलं आणि त्याच्यावर रंगनाथला बसवलं. आजच्या पोरांना सांगायला हवं, की तेव्हा फोनला आकडे नव्हते, बाजूला एक हँडल असायचं. ते फिरवलं की तिकडं बोर्डावर आपल्या नंबरची छोटी झाकणी खाली पडायची, मग रंगनाथ विचारायचा, "बोला, कुनाला जोडू?" आणि दोरीचं टोक पाहिजे त्या भोकात खुपसायचा. म्हणजे नंबर लागायचा फक्त त्याला. पण गावाला नंबराचं भारी अप्रूप. पहिला नंबर म्हणजे पंगतीतलं पहिलं पान, असं प्रत्येकाला वाटायचं. त्यासाठी बाजारातले एक बडे आडते आणि तालुक्याच्या राजकारणातले एक भाऊसाहेब, दोघंही हटून बसले. एकाला द्यावा तर दुसरा रुसणार. रंगनाथनं एक नंबर गुरांच्या दवाखान्याला देऊन टाकला. "गाईम्हशीला पयलं पान वाढलं, आता भांडायला कोन येतंय बगू," म्हणाला. कुणी आलं नाही. आडत्यांना सव्वीस मिळाला आणि ते तो कुणाला सांगत नसत.

पहिले दहा नंबर असे दवाखाना, पोलीस, कचेरी यांच्यात गेले. अकरापासून चाळीसपर्यंत गावातली माणसं. आणि एक्केचाळीस ते पन्नास ही दहा भोकं त्यानं लाकडी खुंट्या मारून बंद केली. काही दिवसांपुरत्या जोडण्या देता येत होत्या, त्यासाठी किती नंबर राखायचे हे त्याच्यावर सोडलं होतं, आणि त्यानं दहा राखले. निवडणूक आली, गुरांचं प्रदर्शन भरलं, ऊसतोडीच्या हंगामाआधी मुकादमांची कचेरी बसली, की त्यातला एक नंबर द्यायचा. काम संपलं की वायर गुंडाळून आणायची आणि भोकात पुन्हा खुंटी. इकडं फोनसाठी अर्ज करून बसलेल्यांची रांग वाढत चाललेली, आणि त्या रांगेत मीही होतो. दहाच का, पाच का नाही, असं मी त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, "पाच ठेवलं तर उरल्यासारखं दिसतं. दहा ठेवलं की ठेवल्यासारखं दिसतं."

मी तोवर शेवगावात इंजिनदुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. बहात्तरचा दुष्काळ पडला, विहिरी आटल्या, इंजिनं बंद पडून राहिली आणि माझं दुकानही त्यांच्याबरोबर थंडावलं. अशात पुण्याच्या एका इंजिन कंपनीचा माणूस गावात आला. काम बघितलं, चहा घेतला आणि म्हणाला, "दुकानात फोन पाहिजे. महिनाभरात लावून घ्या, तालुक्याची एजन्सी तुमची." मी तसाच उठून रंगनाथकडे गेलो. माझं दुकान राहणार की बुडणार हे त्या एका भोकावर होतं, आणि ते भोक माझ्या मित्राच्या हातात होतं. मला वाटलं, झालंच काम.

तो नाही म्हणाला. दोन-चार दिवसांनी गेलो, पुन्हा नाही. आणि त्याच आठवड्यात तळ्याच्या दुष्काळी कामावर काल आलेल्या ओव्हरसिअरला एक्केचाळीस नंबर मिळाला. वायरमन दुपारी खांबावर चढला आणि संध्याकाळी फोन चालू. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मी तुझा कोन? तो तुझा कोन?" मी बोर्डासमोर उभा राहून ओरडलो. तो दोरी हातात धरून शांतपणे म्हणाला, "त्यो जानार हाय, अण्णा. काम संपलं की नंबर माघारी येनार. तुला दिला तर तुज्यासंगं म्हातारा व्हनार. आन् तुज्या म्होरं रांगंत दोगं हायेत, त्यांना काय सांगू?" मी म्हणालो, "सांग, अण्णा मेला म्हनून." तो हसला नाही.

महिना संपत आला तसा मी शेवटचा उपाय म्हणून पुण्याला ट्रंककॉल लावायचं ठरवलं. कंपनीकडं आणखी मुदत मागावी, एवढीच आशा. शेवगावहून नगरला जाणारी लाइन एकच. पुण्याचा फोनही त्याच लाइनीवरून जायचा. सकाळपासून मी एक्सचेंजच्या बाकावर बसून होतो. रंगनाथही मनापासून खटपट करत होता, दर थोड्या वेळानं नगरच्या ऑपरेटरला विनवत होता. दुपारी लाइन लागली. पलीकडं कंपनीचे साहेब आले, मी "नमस्कार, मी शेवगावहून..." एवढं बोललो आणि एक्केचाळीसची झाकणी पडली. रंगनाथनं कानाला लावलं, दोन वाक्यं ऐकली आणि माझ्या लाइनीची दोरी ओढून काढली.

तळ्यावर उलट्या-जुलाब सुरू झाले होते. लेकरं पटापट आडवी पडत होती आणि गावच्या डॉक्टरांकडं सलाइन पुरेसं नव्हतं, ते नगरहून मागवायचं होतं. रंगनाथ ती लाइन धरून बसला. नगरहून गाडी निघाल्याची खात्री झाली, डॉक्टर तळ्याकडं रवाना झाले, तेव्हा कुठं त्यानं माझ्याकडं पाहिलं. "तुजा फोन परत लावतो," म्हणाला. लावलाही. पुण्याचं ऑफिस बंद झालं होतं. तळ्यावरची दोन लेकरं गेली, बाकीची वाचली. एजन्सी पाथर्डी रस्त्यावरच्या एका दुकानदाराला गेली, त्याचा फोन एकोणीस नंबरचा होता. तो कॉल पुरा झाला असता तर मुदत मिळाली असती का? कोण जाणे. पण माणूस अशा ठिकाणी धड रागावूही शकत नाही. लेकरांच्या जिवाशी कुणी भांडत नाही. मग राग कुठं ठेवायचा, तर तो मी बरीच वर्षं रंगनाथच्या नावावर ठेवला.

वर्षभरात दुकान बंद केलं आणि प्रवरेकाठी साखर कारखान्यात फिटर म्हणून लागलो. नोकरी वाईट नव्हती. घर झालं, मुलं शिकली. दिवाळीनंतर आणि शेवगावात कुणाचं लग्नकार्य असलं की जायचो, रंगनाथकडेच उतरायचो, गप्पा व्हायच्या. त्या दुपारचा विषय मात्र त्यानं कधी काढला नाही आणि मीही विचारलं नाही.

चार-पाच वर्षांपूर्वी माझ्या नातवाला घेऊन गेलो होतो. तो पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. रंगनाथ त्याला जुन्या बोर्डाच्या गोष्टी सांगायला लागला तसा नातू म्हणाला, "नाना, कॉम्प्युटरमध्येपण असंच असतं. बाहेरच्याशी बोलायला त्याला नंबर घातलेली दारं असतात. सुरुवातीचे नंबर ठरलेल्या कामांना. शेवटचे मोकळे, येईल त्याला द्यायचे आणि काम झालं की परत घ्यायचे. कुठून कुठपर्यंत मोकळे ठेवायचे, ते मशीन बनवणारेच आधी ठरवून देतात." रंगनाथनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "ज्यानं ठरवलं, त्याला लई शिव्या बसल्या असतील न्हाई?" आणि माझ्याकडं न बघता सुपारी कातरत राहिला. मला हसू आलं. त्या विषयावर आमच्यात झालेलं बोलणं ते एवढंच.

दहावा झाल्यावर मी शेवगावला गेलो. शकुंतलावहिनींनी जेवू घातलं. जेवणं झाल्यावर त्या म्हणाल्या, "भावजी, उन्हाचं कुटं निगता? पडा जरा." मी सवयीनं बाहेरच्या खोलीतल्या खिडकीखालच्या कॉटवर बसलो. सुनील खाली सतरंजीवर टेकला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण बापाचं घर म्हटल्यावर तो खालीच बसला. मी म्हणालो, "अरे, वर बस की." तो कॉटकडं बघत म्हणाला, "हितं आमी कुनीच कदी झोपलो न्हाई, काका. दहावीच्या वर्षाला मी लई हट्ट केल्ता. वारं येतं, अभ्यासाला बरी पडंल म्हनून. नाना न्हाईच म्हनले. म्हनले, अण्णा आला तर त्यानं कुटं पडायचं?"

वर्षातून दोन-तीन रात्री मी त्या कॉटवर काढत असेन. बाकीचं सगळं वर्ष तीन पोरं खाली दाटीवाटीनं झोपत होती आणि ही कॉट तशीच रिकामी राहत होती... मला कधी वाटलंच नाही की ती कुणी राखलेली आहे. मी आपला आलो की पिशवी टाकून आडवा व्हायचो.

"आता झोप तू हितं," मी सुनीलला म्हणालो.

"बगितलं झोपून," तो म्हणाला. "न्हाई येत झोप. तुमी पडा. पाचला गाडी हाय, उटवतो."

मी पडलो. खिडकीतून खरंच वारं येत होतं. रंगनाथवरचा राग शोधून पाहिला, सापडला नाही. झोपही आली नाही, पण पाचपर्यंत मी ती जागा सोडली नाही.