आतोबांची अमेरिकेतली बाग

माझ्या आत्याच्या यजमानांना त्या बागेबद्दल जेवढं माहीत होतं, तेवढं ती बांधणाऱ्या मालकालाही माहीत नसेल, असं मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. बाग होती अमेरिकेत आणि आतोबा होते रत्नागिरीजवळच्या भाट्याला, माडांच्या आणि चिऱ्याच्या गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या, आडोशाला. बाग म्हणजे आपल्याकडची जाई-जास्वंदीची नव्हे. खोटे डोंगर, खोटी नदी, राजवाडा, आगगाडी, नाना तऱ्हेचे पाळणे असं सगळं घालून मुलांसाठी वसवलेलं ते एक अख्खं गाव होतं. पंचवीस-तीस वर्षं ते एक दिवसही ओस पडलेलं नाही, असं आतोबा सांगत. आतोबांच्या ओळखीत आलेला माणूस पाच मिनिटांच्या आत त्या बागेत जाऊन पोचलाच म्हणून समजा. दुधाचा भाव विचारायला आलेल्या माणसालाही ते बागेतून फिरवून आणत आणि तो बिचारा दूध न घेताच परत जाई.

आतोबा मालवाहू बोटीवर तेलवाला होते, म्हणजे इंजिनाच्या यंत्रांना तेल घालणारे. त्या धडधडाटात उभा जन्म गेल्यामुळे त्यांचे कान पार गेले होते, आणि कान गेलेल्या माणसाला आपला आवाज केवढा आहे हे कळत नाही. कुजबुजायचं म्हणजे ते मान खाली घालत, तोंडावर हात आडवा धरत, आणि आवाज मात्र इंजिनघरातलाच ठेवत. एकदा आमच्या शेजारचे एक तापट गृहस्थ वारले, तेव्हा आतोबा समाचाराला आले. वडिलांच्या शेजारी बसले, तोंडावर हात धरला आणि म्हणाले, "हे सुटले ते सुटलेच, पण बायको पण सुटली हो बिचारी!" बाई समोरच पदरात तोंड लपवून बसल्या होत्या. त्यांचे खांदे हलले ते रडण्याने की आणखी कशाने, हे माझ्या वडिलांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. आतोबांना मात्र आपण फार नाजूक वेळी फार नाजूकपणे बोललो असंच वाटत होतं.

बागेची माहिती ते अशीच नाजूकपणे द्यायचे. त्या अख्ख्या बागेत च्युइंगम विकत नाहीत, कारण लोक चघळतात आणि बाकाला चिकटवून ठेवतात, ही त्यांची आवडती माहिती. ती ते नेमकी पानाच्या गादीसमोर उभं राहून, पान लावून घेणाऱ्या गिऱ्हाइकांना ऐकवत. "समजलं काय? च्युइंगम पण नाय! आणि तू हितं लोकांस्नी पिचकाऱ्या मारायला शिकवतोस!" पानवाल्याने दोनदा हात जोडले, तिसऱ्यांदा चुन्याची काडी उगारून चार शब्द सुनावले. आतोबांनी ते बोलणं काही ऐकलं नसावं, कारण ते हसून "तेच म्हणतो मी" एवढं म्हणाले आणि पुढे चालू लागले.

त्या बागेत दर तीस पावलांवर कचऱ्याचा डबा असतो. माणूस हातातला कागद तेवढी पावलंच धीर धरून नेतो, पुढे टाकून देतो, असं म्हणे मालकाने स्वतः निरखून पाहिलं होतं. बोटीवरून कायमचे घरी आल्यावर आतोबांनी समुद्राकडे उतरणाऱ्या पाखाडीवर, म्हणजे आमच्याकडच्या चिऱ्याच्या पायऱ्यांच्या वाटेवर, तीस-तीस पावलं मोजून तुपाचे रिकामे डबे ठेवले. पहिल्या आठवड्यात एका डब्यात तुळस लागली, दुसऱ्यात कोणीतरी गांडुळं भरून गळाला लावायला नेली आणि बाकीचे विहिरीवर पाणी काढायला गेले. आतोबा रोज सकाळी लेंगा वर धरून पावलं मोजत जात आणि जिथे डबा नसेल तिथे उभे राहून इकडेतिकडे बघत. मी शाळेत मास्तर, म्हणून एकदा मुलांना अमेरिकेची माहिती सांगायला त्यांना बोलावलं. पाऊण तास ते कचऱ्याच्या डब्यांवर बोलले. मुलांनी विचारलं, आणखी काय आहे तिथे? तर म्हणाले, रात्री बाग बंद झाली की उंदीर मारायला मांजरी बाहेर पडतात, त्या तिथल्या नोकरीतल्या मांजरी. मुलं खूष झाली. हेडमास्तरांनी मात्र मला बोलावून, भूगोल एवढाच का, असं विचारलं.

जत्रेतल्या पाळणेवाल्याशीही त्यांचं एकदा चांगलंच वाजलं. त्या बागेतल्या गोल फिरणाऱ्या चक्रावरचे सगळे घोडे पांढरे आहेत, कारण प्रत्येक पोराला पांढराच घोडा हवा असतो आणि त्यावरून रडारड होते. आपल्या जत्रेतल्या चक्रावर एकच पांढरा घोडा आणि बाकीचे लाल-निळे. आतोबा घरून चुन्याची बादली आणि कुंचला घेऊन गेले. दोन घोडे पांढरे करेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्याच्या मानेवर कुंचला होता तेव्हा पाळणेवाल्याने त्यांचं बखोट धरलं. मी धावलो, माफी मागितली. परत येताना पुलावर आतोबा मधेच थांबून खाडीकडे बघत म्हणाले, "एक पोरगी लाल घोड्यावर बसून रडत होती रे." मला तेव्हा हसू आलं होतं, आणि त्या हसण्याची लाज मला पुढे फार वाटली.

या सगळ्या गमतींच्या मागे काय होतं ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, पण कोणी बोलत नसे. आतोबांना एकच मुलगी, बेबी. लहानपणी तापाने तिच्या हृदयाला इजा झाली. चार पायऱ्या चढली की ओठ काळे पडत. शाळा सुटली, खेळ सुटले, समुद्राच्या बाजूच्या खोलीत खिडकीशी एक खाट आणि तिच्यावर बेबी, एवढंच राहिलं. त्यानंतरच्या पहिल्याच सफरीत आतोबांनी कुठल्याशा बंदरातून तिला त्या बागेचं रंगीत पुस्तक आणून दिलं. ते पुस्तक तिने इतकं वाचलं की त्याची पानं कपड्यासारखी मऊ पडली. त्यानंतर ती पत्रातून प्रश्न पाठवू लागली. झाडावरचं घर खऱ्या झाडावर आहे की खोट्या? राजवाड्यात कोण राहतं? नदीतलं पाणी खारं की गोडं? एके वर्षी आतोबांची बोट त्या बागेजवळच्या बंदराला तीन दिवस लागणार होती. बेबीने पत्र लिहिलं, "बाबा, मी काही येणार नाही. तुम्ही जाऊन सगळं बघा आणि मला सांगा." आतोबांनी सोळा पानी पत्र पाठवलं. डबे, मांजरी, च्युइंगम, पांढरे घोडे, सगळं त्या पत्रातलं. बेबी ते पत्र येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवी. मलाही तिने दोनदा वाचून दाखवलं होतं, मधे मधे श्वास घ्यायला थांबत. पुढच्या श्रावणात ती गेली. तार बोटीवर पोचली तेव्हा बोट भर समुद्रात होती, आणि आतोबा घरी आले तेव्हा तिचं सगळं उरकून दोन महिने झाले होते.

आत्याने त्यांना माफ केलं नाही. पोरीच्या आजारपणात दूर राहिले म्हणून नव्हे, कारण ते पोटासाठी होतं हे तिला कळत होतं. पण पोर खाटेवर पडलेली असताना बाप एकटा पाळण्यात बसून मजा करून आला, हे तिच्या घशाखाली कधी उतरलं नाही. आतोबांनी बागेचा विषय काढला की ती भांडी आपटायला लागे. "ती मेली बाग!" एवढंच म्हणे. आणि त्यातून तो दिवा. त्या बागेच्या मालकाची म्हणे तिथल्या बंबखान्याच्या माडीवर एक खोली होती. मालक वारला, पण खिडकीतला दिवा अजून कधी विझवत नाहीत. आतोबांनी घरी आल्या दिवसापासून बेबीच्या खोलीच्या खिडकीत दिवा लावून ठेवायला सुरुवात केली, भर दुपारी, लख्ख उन्हातसुद्धा. आत्या जाता-येता बटण बंद करी. आतोबा जाता-येता चालू करीत. दोघंही त्यावर एक शब्द बोलत नसत. जेवायला बसलं तरी पलीकडून तो खटका ऐकू येई. आतोबांना तो ऐकू येत नसे, म्हणून ते दर थोड्या वेळाने उठून बघून येत. मला त्या घरी जायचं म्हणजे जिवावर येई.

मग एका मे महिन्यात माझा थोरला भाऊ नोकरीच्या गावाहून, म्हणजे अमेरिकेहून, सुटीवर आला. तो आणि वहिनी ती बाग बघून आले होते. आतोबांना हे कळल्यावर त्यांनी दोनदा माणूस पाठवला. आम्ही दोघे भाट्याला गेलो. आत्या आत स्वयंपाकघरात फणस कापत होती, आतोबा पडवीत इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. दादाने बागेत काढलेले फोटो त्यांच्या हातात दिले. आतोबांनी एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि प्रत्येकात कचऱ्याचा डबा शोधला. सापडला की बोट ठेवून मला दाखवत, "बघ, खोटं सांगत होतो काय?" मी इतक्या वर्षांत त्यांना एवढं आनंदात पाहिलं नव्हतं. दादा हसत मोठ्याने म्हणाला, "आतोबा, डब्यांचं सोडा हो! ती अंधारातल्या होडीची गंमत सांगा. होडी एकदम खाली घसरते, तेव्हा तुमच्या पोटात कसं झालं?"

आतोबा म्हणाले, "होडीत मी जन्मभर बसलोय."

"नाही, पण घसरल्यावर समोर काय दिसतं ते सांगा ना. बघू आठवतंय का."

आतोबा फोटो खालीवर करत राहिले. दादाला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून त्याने आणखी मोठ्याने विचारलं. आणि तेव्हा एकदम माझ्या लक्षात आलं की आतोबांनी सांगितलेल्या सगळ्या माहितीत कुठल्याच पाळण्यात कोणी बसलेलं नव्हतं. जे होतं ते झाडूवाल्याला माहीत असेल तेवढंच होतं. डबे, मांजरी, च्युइंगम, घोड्यांचे रंग, दिव्याची खोली. मी दादाचा हात दाबला, पण उशीर झाला होता. आतोबांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, मान खाली घातली, तोंडावर हात आडवा धरला आणि त्यांच्या मते अगदी हलक्या आवाजात आम्हाला सांगितलं.

"मी आत गेलोच नाय रे. दरवाजापर्यंत गेलो. तिकीट काढायला उभा राह्यलो. पुढे दोनच माणसं होती. मग वाटलं, आपण एकटे आत गेलो म्हंजे पोरगी आता येणार नाय ह्ये आपण कबूल केलं. पाय उचलंना. तिथं बाहेर मोटारथांब्यावर बसून राह्यलो. झाडलोट करणारी माणसं सुटून घरी जात होती, त्यातला एकजण बोटीवर काम केलेला भेटला. मोडकंतोडकं बोललो. त्याला पोरीच्या पत्रातलं एकेक विचारलं, तो सांगत गेला, मी लिवत गेलो. झाडावरचं घर त्याला पण ठावं नव्हतं. ते मी मनाचं लिवलं." मग त्यांनी हात काढला आणि वर आणखी सांगितलं, "तुमच्या आत्याला बोलू नका हां."

आतली विळी केव्हाच थांबली होती. पडवीतच काय, पलीकडच्या तीन घरांतसुद्धा ते ऐकू गेलं असणार. आत्या दारात येऊन उभी राहिली. हाताला फणसाचा चीक लागला होता, तो तेल लावून काढायचंही तिला सुचलं नव्हतं. ती आतोबांच्या अगदी कानाजवळ गेली आणि म्हणाली, "मग इतकी वर्सं माझे शब्द ऐकून घेतलेत, सांगितलं का नाय?"

आतोबा म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू तिला सांगितलं असतंस. आणि मग..." त्यांनी मांडीवरचे फोटो सारखे केले. "मग ती गेली. मग म्हटलं, तिला जे खरं वाटत होतं ते आता खोटं कशाला करा?"

आत्या आत गेली. आम्हाला वाटलं ती स्वयंपाकघरात जाईल, पण ती बेबीच्या खोलीत गेली. दुपारचे दोन वाजले होते, बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं. आतून खटक्याचा आवाज आला. आतोबांना तो ऐकू आला नाही, म्हणून ते सवयीने उठले, दारापर्यंत जाऊन डोकावले, आणि दिवा लागलेला बघून परत येऊन बसले. बराच वेळ त्यांनी फोटो उलटे धरले होते.

त्यानंतर चार वर्षांनी आतोबा गेले. शेवटी शेवटी त्यांना काहीच ऐकू येत नसे, तरी कोणी भेटायला आलं की तीस पावलांपासून सुरुवात करत, आणि आता आत्या शेजारी बसून ऐकत असे. परवा भाट्याला गेलो तर भर दुपारी खिडकीत दिवा जळत होता. आत्या पडवीत बसली होती. तिने मला पाणी दिलं, मुलांची चौकशी केली, मग माडांकडे बघत म्हणाली, "तू मास्तर हायस, तुला ठावं असंल. त्या बागेतल्या मांजरी रे. त्यांना दूध कोण घालतं?"

मी तिला म्हटलं, विचारून सांगतो. पण ज्यांना विचारायचं ते आता नव्हते.