मखरामागचं मशीन

अमेरिकेत वीज जात नाही. ती घालवावी लागते. आणि त्या कामासाठी त्या वर्षी दादाने खास बार्शीहून आई मागवली होती.

म्हणजे मागवली होती गणपतीसाठी. पण ओहायोतल्या डब्लिनमध्ये, दादाच्या चार बेडरूमच्या घरात पाऊल टाकल्यापासून तिचा एकच कार्यक्रम, दिसलं बटण की कर बंद! गराज, बाथरूम, जिना. एकदा तर दादा आंघोळ करत असताना. ("आत कोण आहे ते मला काय ठाऊक? विचारून दिवा लावतोस का?")

२००६ सालची गोष्ट. मी स्टेट कॉलेज नावाच्या गावात मास्टर्स करत होतो. रिझ्युमेवर ठोकून दिलं होतं, 'एम्बेडेड सिस्टिम्स एक्स्पर्ट'. (एक कोर्स. बी मायनस.) अंगात खरी कला एकच, नकला. बार्शीत मी हेडमास्तरांच्या आवाजात दोनदा अख्खी शाळा लवकर सोडलीय! पण नकलांवर इंटर्नशिप कोण देणार?

ती देणार होते देवधर काका. दादाचे शेजारी, तीस वर्षं अमेरिकेत, एका कंपनीत कंट्रोल पॅनलचं अख्खं डिपार्टमेंट यांच्या हाताखाली. चाळीस ठिकाणी अर्ज करून मला चाळीस नकार आले होते, तेव्हा उरले हे एकटेच. काका फोनवर म्हणाले, "रिझ्युमे नको रे पाठवू. काहीतरी चालवून दाखव. शनिवारी आरतीला येतोय."

झालं! मी बनवलं स्वयंचलित आरती यंत्र. तळहाताएवढं बोर्ड, म्हणजे एकाच पट्टीवर अख्खा कॉम्प्युटर. त्याला एक मेमरी कार्ड, एक स्पीकर आणि घंटा हलवायला एक मोटर. बरोब्बर सातला घंटा, मग आरती. शुक्रवारी तीन वेळा चाललं. वहिनी म्हणाली, "भाऊजी, मानलं बाई तुम्हाला!" मी नम्रपणे मान खाली घातली. (हसू लपवायला.)

शनिवारी साडेसहाला आई दाराजवळून गेली. टिक.

अमेरिकन बिल्डरची बुद्धी अशी, की मखरामागच्या प्लगचं बटण दाराशेजारी.

"आई! काय केलंस?"

"काय केलं? केव्हापासून बटण चालू, आणि दिवा कुठेच लागेना. केलं बंद."

"अगं, गणपतीचं मशीन होतं ते!"

"मग लाव की परत. मिक्सर नाही लावत आपण?"

आता आईला कसं सांगू? मिक्सर बिचारा सरळ असतो, वीज आली की फिरतो. माझं बोर्ड म्हणजे जावई. एकदा अपमान झाला की समजूत काढावी लागते! त्यात मी त्याला दर सेकंदाला कार्डावर नोंद लिहायला लावलेलं. (का? प्रोफेशनल दिसतं म्हणून.) लिहिता लिहिता वीज गेली, फाइली बिघडल्या. आता ते चालू होऊन मध्येच थांबलं होतं आणि विचारत होतं, 'दुरुस्त करू? हो की नाही?' ते दाखवायला स्क्रीन नाही, उत्तर द्यायला कीबोर्ड नाही. दोन्ही आरामात स्टेट कॉलेजला!

दादाने वरच्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड उपटून आणला. मी आंधळेपणाने 'हो, हो, हो' दाबत सुटलो. चक्क सुरू झालं! पण बोर्डावर घड्याळाची बॅटरी नव्हती. (चार डॉलर वाचवले होते.) वीज गेली की वेळही जाते. असल्या कॉम्प्युटरचं कॅलेंडर जिथून सुरू होतं तिथेच ते परत गेलं, बोर्डाच्या मते आता एक जानेवारी १९७०, मध्यरात्र. आरतीला एकोणीस तास बाकी, आणि माझा जन्मच व्हायचाय!

"यार मंद्या, रिस्टार्ट मार ना!" म्हणत दादाने बटण बंद केलं आणि लगेच चालू केलं. (ऑफिसात तो सपोर्ट टीमचा मॅनेजर आहे.) या वेळी बोर्डाने प्रश्नही विचारला नाही. मेलं.

डिंगडाँग! देवधर काका.

हॉलमध्ये तीस माणसं. सात वाजायला दोन मिनिटं. मी घंटा उचलली, वाटी-चमचा उचलला आणि मखरामागे लावलेल्या वहिनीच्या पैठणीआड घुसलो.

सातला आधी तोंडाने स्पीकरची खरखर काढली. मग घंटा. मग जुन्या कॅसेटसारख्या भरड्या आवाजात आरती, वाटी-चमच्याची झांज, मध्येच कोरससुद्धा! हॉल टाळ्यांनी दणाणला.

"आवाज काय क्लिअर आहे!" काका म्हणाले. "स्पीकर कुठला?"

"बार्शीचा," दादा म्हणाला. खोटं बोलला नाही.

"आणि मंदार कुठे?"

"मागून… मॉनिटर करतोय."

दुसरी आरती सुरू झाली. मी रंगात आलो होतो. पण काका पडले इंजिनिअर. ते म्हणाले, "वीज असताना काय, सगळंच चालतं. गेल्यावर काय होतं ते बघू." आणि दाराशी जाऊन त्यांनी बटण बंद केलं.

पैठणीआड मला काय कळणार? मी गातोय. टाळ्या हळू झाल्या. मी गातोय. टाळ्या थांबल्या. मला वाटलं, लोक तल्लीन झाले! मी वरची पट्टी लावली.

आणि त्या शांततेत आईचा आवाज आला, "अरे मंदार, बटण बंद केलंय त्यांनी. थांब आता!"

पैठणी बाजूला झाली. घंटा पायाच्या अंगठ्याला बांधलेली, हातात वाटी-चमचा, असा मी. काकांनी मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"बॅकअप जबरदस्त आहे. रिस्टार्टला किती वेळ लागतो?"

"चहा मिळाला तर लगेच, काका."

तीस माणसं हसली. मखरातला सोडून सगळे. मग काकांनी मेलेलं बोर्ड मागून घेतलं आणि काय काय झालं ते पहिल्यापासून वदवून घेतलं. मी सगळं खरं सांगितलं, बोर्डाच्या आणि आईच्या आवाजांसकट.

पुढच्या उन्हाळ्यात इंटर्नशिप मिळाली! काम एकच. लॅबमध्ये बसायचं, चालत्या बोर्डांची वीज अचानक घालवायची आणि कोण कसं उठतं ते लिहायचं. दिवसभर. टिक. टिक. टिक.

म्हणजे जागा खरी आईचीच होती. तिच्याकडे वर्क परमिट नव्हतं, म्हणून मला घेतलं.