पाठ असलेला समुद्र

तार आली तेव्हा मी साताऱ्याला लेकीकडे होते. जावयांनी वाचली आणि कागद माझ्या हातात दिला. इंग्रजी मला येत नाही, पण तारेतले शब्द मोजता येतात. मोजले, तर नऊ भरले. आणि पहिला विचार काय आला सांगू? यमुनेनं हीच तार सहा शब्दांत बसवली असती! हसू आलं हो मला... आणि त्याच हसण्यातून असं रडू फुटलं की लेक घाबरून पाणी घेऊन धावत आली. आमची यमुना गेली, ही बातमी माझ्यात शिरली ती अशी.

यमुना माझी धाकटी जाऊ. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, म्हणजे आधी जायचा मान माझा होता, तो तिनं घेतला. तळेगावच्या मुलींच्या शाळेत ती मोठी बाई होती, हे वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचणाऱ्या पुष्कळांना ठाऊक असेल. शोकसभेत तिच्या हुशारीबद्दल बोलणारे खूप होते, सगळे पडेल आवाजात. मला ते काही पटलं नाही. ती हुशार होतीच, पण त्याहून चिवट होती, आणि ती जिंकली होती. ते जिंकणं मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून सांगायला बसले आहे. रडगाणं गाणार नाही.

आमचं घर वडगावच्या अलीकडे, भातशेतीचं. धाकटे भाऊजी लोणावळ्याला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर, सकाळच्या गाडीनं जायचे, संध्याकाळी यायचे. यमुना मराठी सातवी झालेली, माहेर तळेगावचं. मुलींच्या शाळेत तिला तात्पुरतं घेतलं होतं. कमिटीनं स्पष्ट सांगितलं होतं की इंग्रजीचा वर्ग चालवायला मॅट्रिक झालेली बाई हवी, पुढच्या जूनपर्यंत मिळाली तर ठीक, नाहीतर वर्ग बंद आणि मुली घरी. म्हणून हिनं बाहेरून मॅट्रिकचा फॉर्म भरला. बाकीचे विषय तिनं लीलया काढले. इंग्रजीत मात्र सपाटून आपटली.

कशी आपटली तेही ऐका. इंग्रजी निबंधांचं एक पुस्तक मिळवून तिनं त्यातला ‘समुद्रकिनाऱ्यावरची सहल’ घडाघडा पाठ केला होता. भाकऱ्या थापताना म्हणायची, पाण्याला जाताना म्हणायची, मलासुद्धा त्याची चाल पाठ झाली होती. पेपरात आलं ‘नदीकाठची सकाळ’. हिनं काय करावं? समुद्र काढला नि नदी घातली! बाकी सगळं तसंच. लाटा तशाच, शिंपले तसेच, लांबवर जाणारी जहाजं तशीच.

लोणावळ्यात शेखमास्तर म्हणून एक निवृत्त शिक्षक होते, भाऊजींच्या ओळखीचे. नापास झाल्यावर यमुनेनं तो निबंध आठवून पुन्हा वहीत उतरवला आणि वही भाऊजींच्या डब्याच्या पिशवीतून त्यांच्याकडे पाठवली. संध्याकाळी रिकाम्या डब्याबरोबर वही परत आली. खाली लाल शाईनं, मराठीत, एवढंच लिहिलं होतं: ‘यमुनाबाई, तुमच्या इंद्रायणीचं पाणी खारट कधीपासून झालं? यापुढे जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही.’ यमुनेनं ते वाचलं, लाल झाली, आणि मग चुलीपुढे बसून इतकी हसली की तवा तापून धूर निघाला तरी तिला शुद्ध नाही.

त्या दिवसापासून वहीचा रोजचा प्रवास सुरू झाला. सकाळी भाकरी-कालवणाबरोबर जायची, संध्याकाळी लाल होऊन यायची. कधी लाल शाई, कधी लाल तिखट. मास्तरांनी लिहिण्याचे प्रकार ठरवून दिले होते. निबंध, अर्ज, तक्रार, तार, बातमी, आणि सारांश, म्हणजे कुणाचंही लांबलचक लिहिणं घेऊन एक तृतीयांशात बसवायचं. आता आमच्या घरात लांबलचक लिहिणारं कोण असणार? बोलणारी मात्र होती. आमच्या सासूबाई! त्या सकाळी उठून जे सुरू व्हायच्या ते न्याहारीपर्यंत. यमुना ऐकायची आणि रात्री त्याचा सारांश इंग्रजीत लिहायची. एकदा सासूबाईंनी पकडलंच तिला. “काय लिवलंस गं माज्याबद्दल? वाच बगू मराठीत.” यमुनेनं वाचलं, “शेण वेळेवर उचलावे आणि सुनांनी उलट बोलू नये.” सासूबाई बघतच राहिल्या. “येवढंच? आगं, मी तर लय बोलले!” यमुना म्हणाली, “मुद्दे तेवढेच होते, आत्याबाई.” दोन दिवस धुसफुस झाली. तिसऱ्या दिवशी बोलणं संपवून त्या स्वतःच म्हणाल्या, “कर आता याचा तिसरा हिस्सा!”

माझं काम घड्याळाचं. इंग्रजी मला काळं का गोरं ठाऊक नाही, पण भाऊजींचं गजराचं घड्याळ मला कळत होतं. पाऊण तासाचा गजर लावून मी समोर तांदूळ निवडत बसायची, आणि गजर झाला की खणखणीत ओरडायची, “येळ संपली! लेखणी खाली ठेव!” खरं सांगते, सुरुवातीला मी हे रागानं करायची. ती वही घेऊन बसली की तिच्या वाटची भांडी मला पडत होती, आणि ओरडायला मिळतं एवढंच सुख होतं. एकदा वाक्य अर्धं राहिलं म्हणून ती गयावया करायला लागली, तेव्हा मी हातातून टाक ओढून घेतला होता. मेली म्हणते कशी, “अक्का, तुमच्यासारखा कडक परीक्षक पुण्यातसुद्धा मिळायचा नाही!” मग राग धरायचा तरी कुणावर?

दुसऱ्या खेपेची परीक्षा फाल्गुनात होती, आणि फाल्गुन म्हणजे आमच्याकडे राब भाजायचे दिवस. शेण, पालापाचोळा, वाळलेलं गवत पसरून रोपांची जमीन भाजून काढायची, घरातलं एकूण एक माणूस लागतं त्याला. सासूबाईंनी निकाल देऊन टाकला. “एक डाव झाला, नापास झाली. आता पुरे. तीन दिस पुण्याला जायचं, आन् हितं राब कोन भाजनार?” भाऊजी त्यांच्यापुढे बोलणारे नव्हते. त्या रात्री यमुनेची वही डब्याच्या पिशवीत गेली नाही. मला ते फार लागलं. जून आला की तो वर्ग बंद होणार, आणि हिला आयुष्यभर चुलीपुढे बसून तो समुद्रच म्हणावा लागणार...

त्यातच आग लागली. सासूबाईंनी घाई करून भर वाऱ्यात राब पेटवला, ठिणगी उडाली आणि शेजारच्या धोंडूआबांची गवताची गंजी धडधडा पेटली. सगळा गाव धावला, पण गंजी वाचली नाही. आबा बांधावर उभे राहून ओरडत होते, सासूबाई इकडून ओरडत होत्या, “वारं आमी सोडलं व्हय?” दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. आबा समोरून आले तर मी पदर ओढून दुसरीकडे बघायची.

यमुनेनं मात्र चौथ्या दिवशी वही काढली. म्हणाली, “अक्का, गजर लावा. परीक्षा राहिली तर राहिली, हाताची सवय तरी मोडू नये.” एकाच आगीवर तिनं चार प्रकार लिहिले. पहिल्यांदा भाऊजींना तार. मग वर्तमानपत्राला बातमी. मग आमच्या बाजूचा खुलासा. आणि शेवटी धोंडूआबांकडून मामलेदारसाहेबांना तक्रारअर्ज. राब पेटवताना ती सासूबाईंजवळच होती, तरी हा चौथा काही केल्या होईना. लिहायची, खोडायची. मी विचारलं, “काय अडलंय?” तर म्हणाली, “आबांच्या बाजूनं लिहायचं म्हणजे आबाच व्हायला पाहिजे हो.” गजर झाला, मी ओरडले नाही. पहिल्यांदाच.

झाल्यावर मी म्हटलं, “मराठीत सांग बघू, काय म्हणतात तुजं आबा.” सासूबाई चुलीशी पाठ करून बसल्या होत्या. यमुना वाचू लागली. “मी म्हातारा माणूस. माझ्या घरी कापायला दुसरे हात नाहीत. ही गंजी मी एकट्याने दोन महिने रचली. वारा सुटला आहे, आज पेटवू नका, असे मी बांधावरून दोनदा ओरडून सांगितले. मला भरपाई नको. चूक झाली, एवढे कोणीतरी म्हणावे.”

मला वाटलं, आता वही चुलीत जाते. मग सासूबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, “सांगितलं हुतं त्यानं. दोनदा... मी ऐकलं हुतं.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी आमच्या पेंढ्याच्या दोन गाड्या आबांच्या खळ्यावर रिकाम्या करवल्या, आणि स्वतः जाऊन उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते आम्हाला कळलं नाही, पण सारांशाची गरज पडू नये इतकं थोडंच बोलल्या असाव्यात, कारण लगेच परतल्या. दारातूनच यमुनेला म्हणाल्या, “तू जा परीक्षेला. राब आमी बगतो. धोंडूबी येतो म्हनलाय हात लावायला.” आणि मग माझ्याकडे वळून, “तू बी जा हिच्यासंगं. घड्याळ घिऊन जा.”

अशा आम्ही दोघी पुण्याला गेलो. इंग्रजीच्या पेपरला ती आत आणि मी बाहेर लिंबाच्या झाडाखाली, घड्याळ मांडीवर. सुटल्यावर पोरं विषय सांगत नाचत बाहेर आली. निबंधाला तीन विषय होते, आणि पहिलाच होता ‘समुद्रकिनाऱ्यावरची सहल’! अगं बाई! माझ्या अंगावर आनंदानं काटा आला. देवानं हातात आणून ठेवलं की! यमुना सगळ्यांत शेवटी आली. मी धावले. “आला न्हवं तुजा समुद्र? लिवलास न्हवं सगळा?”

“नाही अक्का,” ती म्हणाली. “तिसरा विषय घेतला. गावातला एक तंटा.”

मी तिथेच, त्या सगळ्या पोरांदेखत, तिच्यावर तोंड सोडलं. “डोस्कं फिरलंय का तुजं? वरीसभर चुलीम्होरं घोकला, माज्या कानाला भोकं पडली! पाठ हुता न्हवं?”

“पाठ होता. पण मी समुद्र कुठं पाहिलाय?”

मी कपाळावर हात मारला. परतीच्या गाडीत तळेगाव येईपर्यंत तिच्याशी बोलले नाही. मग ती हळूच म्हणाली, “अक्का, आबांची गंजी लिहिताना हात थांबलाच नाही. तुमचं ओरडणं कानात होतं, पण त्याच्या आधीच संपलं सगळं.” तोंडावर असं काही तेज होतं की माझा रुसवा तिथेच गळाला. तरी जून येईपर्यंत मी दोनदा उपास धरले, तिला न सांगता.

निकाल आला तो डब्यातून. रोज संध्याकाळी रिकामा खुळखुळत येणारा भाऊजींचा डबा त्या दिवशी जड लागला. उघडला तर काठोकाठ लोणावळ्याची गुळदाणी, आता जिला चिक्की म्हणतात ती, आणि वर शेखमास्तरांची चिठ्ठी. यमुनेनं वाचली आणि मटकन खालीच बसली. मी म्हटलं, “झालं! गेला वर्ग!” तिनं चिठ्ठी माझ्यापुढे धरली. मराठीच होती. ‘उत्तम रीतीने पास. इंग्रजीत केंद्रातल्या मुलग्यांनाही मागे टाकलेत. इंद्रायणीचे पाणी गोड झाले.’ सासूबाईंनी ती गुळदाणी अख्ख्या आळीत वाटली, पहिला खडा धोंडूआबांना. आणि सांगत काय सुटल्या, तर “मीच धाडली हुती तिला!” आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघून घेतलं.

वर्ग बंद पडला नाही. पुढे तिनं मलासुद्धा सोडलं नाही. मराठी चौथीवर अडकलेल्या मला धरून बसवलं, आणि आज हे चार शब्द कागदावर उतरताहेत ही तिचीच करणी. समुद्रही आम्ही पाहिला, पुष्कळ वर्षांनी, दोघी मिळून. ती खूप वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, “पुस्तकातल्यासारखा अजिबात नाही हो!” इतकी खूश झाली होती, जणू तिचंच म्हणणं खरं ठरलं.

तेरावं झाल्यावर भाऊजींनी ते घड्याळ मला आणून दिलं. इतकी वर्षं शाळेत तिच्या टेबलावर होतं. मुलींना लिहायला बसवून ती त्यावर पाऊण तासाचा गजर लावायची आणि माझ्या आवाजात ओरडायची म्हणे, “येळ संपली!” अस्सल माझ्यासारखं, गावठी. मुलींनीच मला करून दाखवलं. मॅट्रिक झालेल्या, नोकऱ्या करणाऱ्या, लेकुरवाळ्या बाया त्या, ओसरीवर दाटीवाटीनं बसून एका सुरात ओरडल्या, आणि दुखवट्याच्या घरात हशा पिकला.

आज हे लिहायला बसताना मी तोच गजर लावला होता. मघाशी वाजला. सवयीनं ओठांवर आलं, यमुने, लेखणी खाली ठेव... पण तिनं कधी ठेवली होती? तिच्या एवढ्या मुली लिहिताहेत अजून. मी घड्याळाला पुन्हा किल्ली दिली आणि शाईत टाक बुडवला.