नातेवाईक कोण?

शाहिस्ता जमादार इंग्रजीच्या परीक्षेत नापास झाली हे कळल्यावर गल्लीतला प्रत्येक जण तिला समजवायला पुढं झाला, आणि तिचं डोकं त्यानंच जास्त फिरलं. "जाऊंदे गं, इंग्रजी काय आपली भाषा हाय व्हय?" असं कुणी म्हणालं की ती उसळायची. इंग्रजीत ती नापास झालीच नव्हती. ऐकणं, वाचणं, बोलणं, सगळ्यात पास होती. घोडं अडलं होतं ते एका पत्रापाशी.

परदेशात नर्स म्हणून जायचं तर ही परीक्षा द्यावी लागते. पेपरात एका पेशंटचा केसपेपर देतात आणि त्याच्याबद्दल दुसऱ्या कुणाला तरी पत्र लिहायला सांगतात. शाहिस्ता कोल्हापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात बारा वर्षं नर्स होती. हजारो माणसं तिच्या हातून बरी होऊन घरी गेली असतील, पण कुणाला पाठवताना पत्र लिहिल्याचं तिला आठवत नव्हतं. पत्र कशाला? माणूस समोर उभा असतोच की.

आपल्याकडं दवाखान्यात पेशंट आला की पहिला प्रश्न काय असतो? दुखतंय कुठं, हा नव्हे. "नातेवाईक कोण हाय?" हा. औषधं खालच्या मेडिकलातून नातेवाईकानं आणायची, रक्ताची बाटली घेऊन नातेवाईकानं पळायचं, कॉटखाली चटई टाकून नातेवाईकानं झोपायचं, आणि घरी सोडताना गोळ्या कशा द्यायच्या हेही त्यालाच सांगायचं. नातेवाईक नसलेला पेशंट म्हणजे नर्सच्या डोक्याला ताप. शाहिस्ता याच रिवाजात वाढली होती आणि त्यात काही वावगं आहे असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

मग जायचं तरी कशाला होतं तिला परदेशात? तर दोन वर्षांपूर्वी वॉर्डात एक म्हातारा दगावला. डॉक्टर वेळेवर आले नाहीत. आणि म्हाताऱ्याच्या मुलानं थप्पड मारली ती शाहिस्ताला. डॉक्टर आल्यावर त्यांना हात जोडले, हिला थप्पड! वरून व्यवस्थापनानं तिलाच आत बोलावून सांगितलं, "नातेवाईक दुःखात होते, तुम्ही समजून घ्या." तिनं समजून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं राजारामपुरीतला विजयसिंह सरांचा या परीक्षेचा क्लास गाठला. जिथं नर्सच्या अंगावर हात टाकला तर हात टाकणाऱ्याला जाब विचारतात, तिथं जायचं, एवढंच तिला कळत होतं.

तिच्या अब्बांनी, कुतुबुद्दीननी, एका शब्दानं अडवलं नाही. आई जाऊन वर्षं झाली होती, भावंडं नव्हती. उद्यमनगरात लेथवर उभं राहून आयुष्य घालवलेला हा माणूस घरात दखनी उर्दू बोलायचा, पण काही ठामपणानं सांगायचं असलं की कारखान्यातली मराठी बाहेर यायची. "जा," ते म्हणाले. "मला काय धाड भरलीया?"

धाड भरली नव्हती, पण शुगर होती. एकदा लोखंडाचा कीस पायात घुसला आणि त्यांना दोन दिवस पत्ताच नव्हता. तेव्हापासून शाहिस्ता रोज संध्याकाळी त्यांचे तळवे तपासायची. "पाय बघू," असं तिनं म्हणायचं आणि अब्बांनी कुरकुरत पाय पुढं करायचा.

नापास झाल्यावर विजयसिंह सरांनी तिला क्लासमध्ये परीक्षेतल्यासारखाच एक पेपर दिला. मिस्टर हॅरिस, वय अठ्ठ्याहत्तर. शुगर, पायाला जखम. दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात, सोबत एक मांजर. मुलगी दुसऱ्या शहरात असते, रविवारी फोन करते. उद्या घरी सोडायचंय. त्या भागात घरोघरी फिरणाऱ्या नर्सला पत्र लिहा.

शाहिस्तानं लिहिलेलं वाचता वाचता सरांनी चष्मा काढला. जखमेबद्दल दोन ओळी होत्या. पुढं सगळी मुलगी होती. वडिलांना असं एकटं सोडता येणार नाही, मुलीला ताबडतोब बोलावून घ्यावं, तिला मलमपट्टी शिकवावी, तिची सही घ्यावी आणि मगच पेशंट ताब्यात द्यावा.

"परीक्षेत बी हेच लिवलंत व्हय, मॅडम?" सरांनी विचारलं.

"व्हय. दुसरं काय लिवणार?"

"मग झालं की! अहो, पत्र कुणाला हाय? त्या नर्सला. तिला जखम सांगा, गोळ्या सांगा, जिना चढताना धाप लागती ते सांगा. लेक काय करती, काय न्हाय, ह्याचं तिला काय? परीक्षक म्हणणार, हिला पेशंटच कळला न्हाय."

"मला पेशंट कळला न्हाय?" शाहिस्ताचा आवाज चढला. "त्या लेकीला बाप कळंना, त्याचं काय? रविवारी फोन करती म्हणं! फोनवर ड्रेसिंग करती व्हय ती?"

क्लास खो खो हसला. सरही हसले, पण मग शांतपणे म्हणाले, "तिथं नातेवाईक लागत न्हाय, मॅडम. नर्स घरी जाती. हे डोक्यात घ्या, न्हायतर पुढल्या खेपेला बी हेच."

सर खोटं बोलत नव्हते आणि तिला त्याचाच संताप आला. लेकीनं नुसता फोन करायचा आणि बापाच्या पायाला हात लावायला परकी बाई, हा कुठला न्याय? वर तो पत्रात नीट मांडला की मार्क. घरी जाऊन तिनं भांडी इतकी आदळली की अब्बांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

त्याच आठवड्यात वॉर्डात बनाबाई होत्या, मलकापूरच्या. न्यूमोनियातून बऱ्या झाल्या होत्या, चालत होत्या, पण दवाखाना त्यांना सोडेना. नातेवाईकाची सही नाही! एकुलता एक मुलगा यशराज परदेशात. रोज व्हिडिओवर यायचा आणि बनाबाई फोन कानाला लावून त्याच्याशी बोलायच्या, त्यामुळं त्याला आईचा फक्त कान दिसायचा. शेवटी शाहिस्तानं फोन हिसकावून घेतला.

"आई तुमची हाय का आमची? किती दिस ठेवू? काय लाज वाटती का न्हाय?"

"ताई, द्या शिव्या," तो म्हणाला. " पण एवढं सांगा, मी तिथं कुणाला कळवू? कुणाला पत्र लिहू, कुणाला फोन करू? नाव सांगा, आत्ता करतो."

शाहिस्ताला एकही नाव सुचलं नाही. बारा वर्षं ती 'नातेवाईक कोण' एवढंच विचारत आली होती. कुणीच नसेल तर कोण, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि सरकारदरबारी, दवाखान्यात, कुणाला त्याची पडलेलीही नव्हती. संध्याकाळी बनाबाईंच्या गल्लीत दूध गोळा करणारा गुंडू एसटीनं आला. "पंधरा दिस मावशीचं दूध संस्थेत आलं न्हाय, म्हणून चवकशी करत बघाय आलो," म्हणाला. ऑफिसातल्या बाईनं विचारलं, "पेशंटशी नातं?" गुंडू गोंधळून म्हशीचं सांगायला लागला. शाहिस्तानं त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि त्या रकान्यात 'भाचा' असं ठोकून दिलं. गुंडूनं सही केली. त्याला मावशीच्या गोळ्या तिनं दोन-दोनदा समजावल्या, आणि दूधवाल्याला खोटा भाचा करावा लागतो म्हणून तिला रागही तेवढाच आला.

पुढच्या महिन्यात पुण्याला जाऊन तिनं पुन्हा परीक्षा दिली. या खेपेला मिसेस डॉसन होत्या. वय ऐंशी, शुगर, नजर अधू, एकट्या. मुलगा दूरदेशी. भागातल्या नर्सला पत्र लिहा. शाहिस्ताच्या तोंडात शिव्या आल्या होत्या, त्या तिनं गिळल्या. 'मुलगा परदेशात असतो' एवढी एकच ओळ लिहिली आणि ती पुढं गेली. इन्सुलिन, तळव्याची जखम, जिना, कुठल्या वारी जायचं, काय बघायचं. मुलाला बोलवा असं कुठं लिहिलं नाही. सही घ्या असंही नाही.

निकाल लागला तेव्हा ती पास होती. विजयसिंह सरांनी भिंतीवर लावायला तिचा फोटो मागितला. गल्लीनं पेढे खाल्ले आणि "इंग्रजी आपलीच भाषा हाय की" असंही म्हणून घेतलं.

संध्याकाळी अब्बा पलंगावर बसले होते. ती खाली बसली. "पाय बघू."

"पास झालीस ते काय लिवलंस, सांग की," अब्बा म्हणाले. मराठीत.

तळवा उजेडाकडं वळवून ती सांगत गेली. एक म्हातारी हाय, एकटी असती. शुगर हाय. पायाकडं रोज बघाय लागतं, तिला दिसत न्हाय. मग भागातल्या नर्सला कळवायचं, की बाई, तू घरी जा, पाय बघ, सुई दे, जेवली का इचार.

"आणि जाती व्हय ती?"

"जाती की. आठवड्यातनं तीनदा."

"तिच्या घरात जाऊन? पाय बघती?"

"व्हय, अब्बा."

अब्बांना ते फार आवडलेलं दिसलं. त्यांनी मान हलवली. "चांगली बाई हाय. कोण असती ही?"

शाहिस्ताच्या हातात त्यांची टाच होती. गेली दोन वर्षं ती कुणा ना कुणावर चिडत आली होती, डॉक्टरांवर, सरांवर, हॅरिसच्या त्या मुलीवर, यशराजवर, साऱ्या जगावर. आता चिडायला समोर कुणी उरलं नव्हतं.

"मीच की, अब्बा," ती म्हणाली. "तिथं जाऊन मीच ती."

बाहेर कुणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"लई नशिबाची हाय म्हातारी," अब्बा म्हणाले, आणि त्यांनी दुसरा पाय पुढं केला. "ह्यो बी बघून घे."