मुंग्यांची साक्ष

मास्कमुळे मुतइबने सिस्टर रुदैनाला ओळखलं नाही. करक गावच्या त्या दवाखान्यात आपली टाकलेली बायको सुई घेऊन बसली असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आठ वर्षांपूर्वी पलंगावर त्याचं काही जमेना. नाचता येईना, अंगण वाकडं! त्याच्या आईने गाद्या उसवून मंतरलेल्या गाठी शोधल्या, मग मोरीत मुंग्यांची रांग बघून निकाल दिला, "या चेटकिणीने माझ्या पोराला बांधलंय." तलाक झाला. त्या बोलापायी रुदैनाच्या धाकट्या बहिणीची ठरलेली सोयरीकही मोडली. रुदैना ते विसरली नव्हती आणि विसरणारही नव्हती.

"त्रास कधीपासून?"

"आठ वर्षं. पहिल्या बायकोची करणी, सिस्टर. आता आई म्हणते, दुसरीही तसलीच."

"तहान लागते? रात्री सारखं उठावं लागतं?"

"ते तर तेव्हापासूनच आहे."

रक्तात साखर निघाली तीनशे चाळीस. मोरीतल्या मुंग्या त्याच्या लघवीतल्या साखरेला येत होत्या! रुदैनाच्या अंगाचा तिळपापड झाला.

डॉक्टरांनी बजावलं, जुना मधुमेह आहे, नसा त्यानेच खाल्ल्यात. आधी साखर उतरवू, मग त्या त्रासावरच्या गोळ्या देऊ. मुतइब कागद घेऊन बाहेर आला आणि पुटपुटला, "गोळ्यांनी काय होतंय? जिने गाठ मारली तिनेच सोडवायला हवी."

रुदैनाने मास्क खाली ओढला. तो भिंतीलाच टेकला.

"रुदैना! पाया पडतो, सोडव गं."

"इथे नाही. चार वडीलधारे घेऊन माझ्या बाबांच्या दारी ये. हा कागद विसरू नकोस."

शुक्रवारी तो चार वडीलधारे घेऊन आला. रिवाजाप्रमाणे बाबांनी त्यांच्यातल्या म्होरक्या दहामकाकांपुढे कॉफी ठेवली. मागणं मान्य झाल्याशिवाय ती कुणी पीत नाही.

"हिने माझी गाठ सोडवावी," मुतइब खाली मान घालून म्हणाला.

"आधी कागद वाच," रुदैना दारातून म्हणाली. "मोठ्याने."

त्याने अडखळत वाचलं. मधुमेह, नसा, सगळं.

"म्हणजे गाठ नव्हतीच?" दहामकाका कडाडले. "आणि तू हिला चेटकीण केलंस? दुसरीलाही तेच करणार होतास?"

"नव्हती, काका. चूक माझी. माफ कर, रुदैना."

हे ऐकायला ती आठ वर्षं थांबली होती. मन मात्र भरलं नाही.

"माफी नाही. काका, तुमच्या पांढऱ्या दाढीचा मान म्हणून कॉफी घ्या."

काकांनी घेतली. पेला फिरत मुतइबपाशी आला, तसा तिने त्यावर हात ठेवला.

"याला नको. याला पाणी द्या. तहान फार लागते याला."